आरोही गैरहजर

चौथीच्या वर्गात रोज सकाळी एक नाव रिकामं जायचं. कुमार सर मुलींची हजेरी सुरू करायचे ती "आरोही" या नावानं. वर्ग गप्प. सर फुली मारून पुढं जायचे. शेवटी शेवटी "सुकन्या" म्हणाले की भिंतीकडच्या बाकावरून एक हात वर व्हायचा. डावा. "हजर."

सोलापुरातल्या त्या शाळेत मी निवृत्तीनंतर, वाचनात मागं पडलेल्या मुलांना शिकवायला जात होते. जानेवारीपासून सुकन्या माझ्याकडे होती. हडकुळी, नऊ-दहा वर्षांची. लाल लोकरी स्वेटर घालायची, बाह्या बोटांवर आलेल्या. मार्च उजाडला, पत्र्याखाली बसवेना, तरी स्वेटर अंगावरून उतरला नाही. "काढ गं," म्हटलं की ती बाह्या मुठीत घट्ट धरायची.

लिहायची डाव्या हातानं आणि अक्षर फार वाकडंतिकडं. मी दुरेघी आखून दिली, रोज एक पान गिरवून घेतलं. एक दिवस तिच्या दप्तरात तळाशी जुनी वही सापडली. आत उजवीकडे झुकलेलं, सुरेख, सलग अक्षर. पहिल्या पानावर नाव होतं, आरोही.

"ही आरोही कोण गं?"

"बहीण."

"शाळेत का येत नाही?"

"ती गेली बाई," एवढं सांगून ती पुन्हा गिरवायला लागली.

मधल्या सुट्टीत मी कुमार सरांना विचारलं, "आरोहीच्या घरी कुणी जाऊन आलं का? रोज फुली पडतेय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, तुम्ही जिला शिकवताय ना, तीच आरोही."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"सुकन्या थोरली. वर्षाचं अंतर, दोघी एकाच वर्गात. श्रावणात डेंग्यूनं गेली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून नाव पटावर राहिलं. एकदा सवयीनं वाचलं तर ही 'हजर' म्हणाली. मला वाटलं, पोरीला बरं वाटतंय तर वाटू दे."

"आणि स्वतःच्या नावाला?"

त्यांनी हजेरीपट पुढं सरकवला. दसऱ्यापर्यंत आरोही रोज हजर होती. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा. डिसेंबरात एकदा. पुढं नुसत्या फुल्या. खालच्या ओळीत सुकन्या, श्रावणात गेलेली सुकन्या, एक दिवससुद्धा चुकलेली नव्हती.

"आई नेते तिला दवाखान्यात," सर म्हणाले. "मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत तिथं. मीच चिठ्ठी दिली होती."

"चिठ्ठीत नाव कुठलं लिहिलंत?"

ते आठवू लागले. "नाव नाही लिहिलं. 'आमची विद्यार्थिनी' असं लिहिलं होतं."

शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. दवाखान्यातल्या त्या डॉक्टर, दाक्षायणी, फाईल घेऊन आल्या. मुलीची आई वच्छला पदर चाचपत बसली होती. वडील नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला, त्यांना सुट्टी नव्हती. त्यांच्याऐवजी आजोबा आले होते, ज्ञानबा, सांगोल्याकडून. मेंढरं राखणारा माणूस. बाकावर न बसता भिंतीला टेकून उकिडवा बसला. मुलगी बाहेर व्हरांड्यात होती. फरशीवर खडू घासल्याचा आवाज आत येत होता.

डॉक्टरांनी फाईल उघडली. "सुकन्याची प्रगती बरी आहे. पाच खेपा झाल्या. धाकट्या बहिणीचा मृत्यू ती आता मान्य करायला लागलीय. आरोहीला तिनं निरोपाचं पत्रही लिहिलं. पुढच्या खेपेला ते मोठ्यानं वाचायचं आणि आरोहीला जाऊ द्यायचं, असं आमचं ठरलंय."

बाहेर खडू थांबला.

"मॅडम," कुमार सर हळू आवाजात म्हणाले, "गेली ती सुकन्या."

डॉक्टरांनी फाईलचं पहिलं पान पाहिलं, मग वच्छलाकडे पाहिलं.

"केसपेपर काढताना नाव इचारलं त्यांनी," वच्छला म्हणाली. "तोंडात त्येच आलं. बदलाय गेले तर पोरगीच म्हनली, ऱ्हाऊ दे आई."

"मी शाळेला एक फोन करायला हवा होता," डॉक्टर म्हणाल्या. "एकच."

मी पत्र मागून घेतलं. वाकडी, मोठी अक्षरं. "आरोही, आता तू जा. आईला सुकन्या लागते. तू आलीस की आई जेवत नाही."

आणि सगळ्यात खाली, बारीक, एक ओळ.

"ती शेवटची ओळ घाईत लिहिली असावी," डॉक्टर म्हणाल्या. "अक्षर वेगळं दिसतंय."

मी दप्तरातली जुनी वही आणली होती. ती पत्राशेजारी ठेवली. दोन्हीकडे तेच उजवीकडे झुकलेलं अक्षर. ओळ अशी होती: "मला जायचं न्हाय."

वच्छलाला वाचता येत नव्हतं. मी तिला वाचून दाखवलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, "सुकन्या गेली तवा मी अन्नाला शिवत न्हवते. एक दिस ही तिचा स्वेटर घालून आली. सुकन्यागत डाव्या हातानं घास पुढं केला. म्हनली, आई, मी सुकन्या हाय. मी खाल्ला. मला म्हाईत होतं की बाई, ही कोन हाय ते. तरी खाल्ला."

"हे तिनं माज्याकडं बघितलंय," ज्ञानबा भिंतीकडून बोलला. सगळे वळले. "गेल्या उन्हाळ्यात दोगी मेंढरांच्या वाड्यावर होत्या. एका मेंढीचं कोकरू मेलं. दुसरं एक बिनआईचं होतं. मेंढी परक्याला पाजत न्हाय. मग मेलेल्याचं कातडं काढायचं आन् जित्याच्या अंगावर बांधायचं. मेंढी वास घेती आन् पाजती. आरू समदं बघत हुती. मला इचारलं, आतल्याला कसं वाटत आसंल?"

"तुम्ही काय सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हनलं, त्येला दूद मिळतंय की."

मी विचारलं, "आणि ते कातडं किती दिवस ठेवता?"

"तीन-चार दिस. लई झालं. तवर मेंढीला आतल्याचा सोताचा वास कळाय लागतो. मग काडावंच लागतं. न्हाय काडलं तर ते सडतंय, आन् आतलं कोकरूबी मरतंय."

"एकदम काढता?"

"न्हाय. आदी पायाकडचं, मग पाटीवरचं. मेंढीला समोर उभी करून."

डॉक्टर ते लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी फाईलवरचं नाव खोडलं आणि आरोही लिहिलं. "म्हणजे हळूहळू, पण तिन्ही ठिकाणी एकाच वेळी," त्या म्हणाल्या. "घरी, शाळेत आणि माझ्याकडे. एका जागी ती सुकन्या राहिली तरी उपयोग नाही. आणि समोर आई पाहिजे. सुकन्यासाठी रडायचं तर आरोहीला जवळ घेऊन, आरोही म्हणून रडायचं. जमेल?"

"जमवते," वच्छला म्हणाली. "जेवनबी तिच्याच हातचं घेईन. उजव्या."

कुमार सरांनी दाखल्याच्या अर्जावर सुकन्याचं नाव भरून तो वच्छलापुढं ठेवला. तिनं त्या नावासमोर अंगठा उमटवला आणि बराच वेळ तो कागदावरून उचलला नाही.

बाहेर आलो तेव्हा मुलगी जिन्याशी बसली होती. फरशीवर दोन मुली काढलेल्या. एकीला तोंड होतं, एकीला नव्हतं.

सोमवारी हजेरीला वच्छला दारात उभी राहिली. सर म्हणाले, "आरोही."

वर्ग गप्प.

फुली न मारता सर थांबले. मुलगी दाराकडे बघत होती. "आरू," वच्छला म्हणाली, "मी सकाळी जेवून आलेय बाळा."

मुलीनं उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली. हात पांढरट पडला होता, घामोळ्यांनी भरलेला. तो वर गेला, अर्धाच. "हजर," आवाज जेमतेम ऐकू आला. डावी बाही तशीच मुठीत होती. ती सुटायला अजून महिना लागला.

सर एकेक नाव घेत पुढं गेले. "प्रियदर्शनी." "वैष्णवी." त्याखालची ओळ लाल शाईनं मारलेली होती. तिथं सरांचा आवाज थांबला, नेहमी थांबायचा तेवढाच. चाळीस मुलं, दारातली आई आणि मी, सगळे भिंतीकडच्या बाकाकडे कान लावून होतो.

कुणी हजर म्हणालं नाही.

सरांनी पट मिटला.