दुसरी वेलांटी

“उद्याच्या मथळ्यात ‘दिन’ची वेलांटी दुसरी करा,” नवे संपादक म्हणाले.

रोज चूक करायचा हुकूम चार महिने जुना होता; तरी शिक्षक दिनाला साहेब सोडतील, असं वेलांटीकाकांना वाटलं होतं. दैनिकाच्या कचेरीत एकतीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलेलं. ‘शिक्षक दिन’ला दुसरी वेलांटी दिली तर शिक्षक दीनवाणा होतो, हे त्यांनी अदबीनं सांगून पाहिलं. संपादक हसले. त्यांना तेच हवं होतं.

छापील अंक बंद होऊन दैनिक आता फक्त फोनवर निघत होतं. तिथं म्हणे, स्वच्छ बातमी लोक बोटानं सरकवतात; चूक दिसली की मात्र थांबतात, शिव्या घालतात, आपसात भांडतात. जितकं भांडण मोठं तितकी बातमी लांब जाते. म्हणून रोज एक चूक पेरायची. खात्यातल्या चौघांपैकी तिघांना घरी बसवलं आणि काकांना ठेवलं ते एवढ्याचसाठी. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा चुकीच्या जागा ह्या माणसाला पाठ होत्या. निवृत्तीला दोन वर्षं होती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

लाज वाटायची ती एकट्या ताईची. ताई म्हणजे थोरली बहीण, जन्मभर शाळेत शिकवलेली. “दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा,” हे तिनंच त्यांना पाटीवर गिरवून घेतलं होतं. भावाच्या नजरेखालून गेलंय म्हणून ती दैनिकाची ओळ न् ओळ वाचायची. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. “अरे, तुमच्याकडे ‘आणि’ दीर्घ आलाय. तू रजेवर आहेस का?”

“हो ताई. पाठ धरलीय,” काकांच्या तोंडून निघून गेलं. ती धरलेली पाठ चार महिने सुटली नव्हती. ताई रोज विचारायची, शेक घेतलास का.

‘शिक्षक दीन’ सकाळी गेला. दुपारी संपादक खुशीत आले आणि बातमीखालचा एक अभिप्राय त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवला. “मी निवृत्त शिक्षिका. हसणाऱ्यांना सांगते, माझा भाऊ आजारी आहे म्हणून ह्या चुका होताहेत. तो कामावर आला की एक तरी काढून दाखवा.” खाली हजारो लोक त्या भावाला हसत होते.

“बाई कोण आहे कुणास ठाऊक, पण आपल्याला लाभली,” संपादक म्हणाले. “उद्या दोन टाका.”

काकांनी मान हलवली. त्यांना स्वतःची किळस आली, पण त्यांनी मान हलवली.

ते खुर्चीत बसतात न बसतात तोच फोन वाजला. “वाचलंस का रे माझं?” ताई विचारत होती. “गप्प बसवलं सगळ्यांना. तू कधी जातोयस कामावर?”

“बघू. अजून दुखतंय.”

“घाई नको करूस. पाठ ताठ झाल्याशिवाय जाऊच नकोस.”

“बरं,” काका म्हणाले, आणि फोन तसाच कानाशी धरून त्यांनी उद्याची दुसरी चूक करायला घेतली.