खडीवर उभी राहिलेली घरगाडी

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. पोटात चूल, पलंग आणि न्हाणी, पाठीमागे डिझेलचं दणकट इंजिन. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हापासून मला एका जागी स्वस्थ म्हणून राहवत नाही.

माझे मालक डेल्बर्टकाका आणि आयोनकाकू. सुरुवातीची वर्षं आम्ही तिघांनी रस्ते पालथे घातले. घाट चढताना काकू मला थोपटून म्हणायच्या, "चल गं बाई, आलंच आता." मी धापा टाकत चढायचे. मग काकूंचे गुडघे गेले, पुढे हृदयाचं दुखणं लागलं. ॲरिझोनातल्या त्यांच्या घराशेजारी मी खडीवर उभी राहिले, ती राहिलेच.

दर रविवारी चर्चहून आल्यावर दोघं माझ्यात येऊन बसत. काका इंजिन सुरू करत, कॉफी पीत, समोरचं कुंपण बघत. कॉफी संपली की इंजिन बंद. त्यांना वाटे, आपण गाडीची निगा राखतो. पुष्कळांना तसंच वाटतं. पण जागच्या जागी घरघरून डिझेलचं इंजिन पुरतं तापत नाही, आत काजळी धरते. माझा जीव गुदमरायचा. काकू गेल्यावर काका एकटेच येऊन बसू लागले.

आता काका लेकीकडे राहायला निघाले होते. मला कुणी घेतलं नाही, तर भंगारात जायचं होतं.

एका रविवारी मार्लिस आणि ऑरिन हे नवराबायको मला बघायला आले. मिनेसोटातलं घर विकून दोघं माझ्यासारख्या गाडीत कायमचं राहणार होते. निवड चुकली असती, तर डोक्यावरचं छप्परच गेलं असतं. मार्लिस तडक मागे गेली, झाकण उघडलं आणि इंजिनवर हात ठेवला.

"काका, हे कोमट कसं? आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवू नका, असं फोनवर बजावलं होतं ना?"

काका गडबडले. "अगं, विसरलोच. आज रविवार..."

"रविवारचं काय सांगता? आधीच तापवलं की बिघडलेल्या इंजिनाचा धूर दिसत नाही आणि खोकला ऐकू येत नाही. आम्ही काय दुधखुळे आहोत? ऑरिन, चल!"

मी नुसती तडफडले. काका लबाड नव्हते हो! पण मी सांगणार कशी?

ऑरिन माझ्या खालून धूळ झटकत बाहेर आला. "तळाला गंज नाही गं. मैलही किती कमी झालेत बघ!"

"मैल कमी म्हणजे उभी जास्त," मार्लिस म्हणाली. "टायरची नक्षी कोरी दिसते, पण बनल्याची तारीख वाच. रबर म्हातारं झालंय. भर रस्त्यात फुटलं म्हणजे?"

"एवढ्या लांब आलोय, तर इंजिन गार होईपर्यंत थांबू."

संध्याकाळपर्यंत तिघं माझ्या पोटात बसून होते. मला एकेक क्षण जाता जाईना. शेवटी काका हळूच म्हणाले, "इंजिन सुरू केलं की आयोनला वाटायचं, आपण निघालोच. म्हणून दर रविवारी..."

मार्लिसने त्यांच्या पुढे सँडविच सरकवलं.

इंजिन गार झाल्यावर ऑरिनने किल्ली फिरवली. मी कण्हले, थरथरले, पांढरा धूर ओकले.

"अरे देवा, हे तर धुराडं!" ऑरिन ओरडला.

"थांब जरा," मार्लिस म्हणाली. धूर विरळ झाला. माझा श्वास जागेवर आला. ती मात्र बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली. "इंजिनात जीव आहे. काका, सगळी टायरं नवी घाला, मग आम्ही नेतो."

नवी टायरं आली त्या दिवशी मार्लिसने काकांना चालकाच्या जागी बसवलं. काकांनी इंजिन सुरू केलं आणि सवयीने हात मांडीवर ठेवून कुंपण बघत बसले.

"काका," ती हळूच म्हणाली, "ब्रेक सोडा ना."

काकांनी ब्रेक सोडला. गावाबाहेर जाऊन येईपर्यंत ते हमसून हमसून रडत होते, पण माझा वेग त्यांनी कमी केला नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला नुसतं जपून ठेवू नका. त्याला त्याचं काम करू द्या. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण ऑरिन हाका मारतोय आणि डोंगर अजून लांब आहेत.