छापा पडला तर 'हो' म्हणायचं

माणसं खोटं बोलतात, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. दुसरी, त्याचा राग धरायचा नाही. मी दारोदार फिरून सर्वेक्षण करते. पूर्वी साबण कुठला वापरता, टीव्ही किती वेळ बघता असले प्रश्न असायचे. लोक तिथेही थापा मारायचे, पण त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. या खेपेचं काम वेगळं होतं. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे तिथे जायचं, आणि जो त्यांचं सगळं करतो त्याला विचारायचं: गेल्या काही महिन्यांत तुम्ही त्यांना कधी मारलंत का?

डोंबल कबूल करतंय कुणी. म्हणून नाणं. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'सरासरी' म्हणतो, कारण घरातली माणसंसुद्धा त्यांना टक्क्यांतच दिसत असावीत. त्यांनी ट्रेनिंगमध्ये समजावून सांगितलं. आपण पाठ फिरवून उभं राहायचं. समोरच्यानं नाणं उडवायचं आणि आपल्याला दाखवायचं नाही. छापा पडला तर मारलेलं असो-नसो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं काय ते सांगायचं. मग कुणी 'हो' म्हणालं, तर ते नाण्याचं 'हो' की त्याचं स्वतःचं, हे आपल्याला कळायला मार्गच नाही. शंभरात पन्नासेक 'हो' नाण्याचेच असणार, त्याच्यावर जे निघतील ते खरे. किती लोक मारतात ते कळतं, कोण मारतं ते कळत नाही. मात्र एका माणसाला हा प्रश्न एकदाच विचारायचा. पुन्हा पुन्हा विचारला की आडोसा संपतो, कारण कुठलंही नाणं दर वेळी छापा देत नाही.

लोकांना हे पटवताना नाकी नऊ यायचे. एका बाईंचं नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं. त्या म्हणाल्या, आता वाकवत नाही, तुम्ही आपलं 'हो' लिहून टाका. एका गृहस्थांना छापा पडला असणार, पण 'हो' शब्द तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी नाणं परत दिलं, मला चहा पाजला आणि दार लावून घेतलं. हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचे, लोक हसायचे. मला स्वतःला हसू यायचं बरेच दिवस बंद झालं होतं.

घरी आम्ही तिघं. बाबा, मी आणि धाकटी बहीण. बाबा टायपिंग शिकवायचे. झटका आला तसा त्यांचा उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही गेलं. मी बाहेर कमावते, धाकटी घरी बाबांचं करते. असं कुणी ठरवलं नव्हतं. तिची नोकरी लांब होती आणि माझी नव्हती, एवढंच.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी बाबांचा बनियन बदलत होते. दंडाच्या आतल्या बाजूला चार निळसर डाग दिसले, एका ओळीत. धाकटीला विचारलं तर भांडी घासता घासताच ती म्हणाली, पलंगाच्या दांडीवर आपटले. दांडीला काय बोटं असतात? पण मी 'बरं' म्हटलं आणि बनियन चढवला. मला धक्का बसायला हवा होता, तो बसला नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं झालं होतं माझं. कुठेतरी काहीतरी ओढलं जातंय, एवढंच कळत होतं.

सरळ विचारायचं होतं, दुसरं काय! पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. नोकरी सोडायची? बाबांना कुठे ठेवायचं? आणि तिला काय म्हणायचं, जी सकाळपासून झोपेपर्यंत त्यांचं हगणं-मुतणं काढते? त्यापेक्षा मूग गिळून बसलेलं बरं वाटायचं. पण डाग डोळ्यांसमोरून जाईनात. मग मी माझ्या धंद्याची अक्कल घरात आणली.

तिला म्हटलं, मला सरावाला कुणीतरी हवंय, प्रश्न नीट पाठ झाला नाही तर सरासरींची बोलणी खावी लागतील. ती म्हणाली, विचार की. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि सगळं म्हणून दाखवलं. मागे टेबलावर नाणं वाजलं.

"हो," ती म्हणाली.

पहिल्या 'हो'ला काही अर्थ नसतो. मी भात लावला.

दुसऱ्या संध्याकाळी म्हटलं, आज शब्द जरा बदललेत, पुन्हा ऐक. पुन्हा 'हो'. म्हटलं, असेल, दोनदा छापा पडतो. मग कधी आवाज चढतो म्हणून, कधी मधेच अडखळते म्हणून, मी रोज काहीतरी निमित्त काढत गेले. जे कुणाला करायचं नाही म्हणून आम्हाला बजावून सांगितलं होतं, तेच मी माझ्या सख्ख्या बहिणीला करत होते. ती रोज हात पुसून टेबलाशी बसायची आणि रोज 'हो' म्हणायची. मी मनात हिशेब करायचे: निम्मं, त्याच्या निम्मं, त्याच्याही निम्मं. आठवड्याच्या शेवटी हिशेबात नाण्याला जागाच उरली नाही. उरली फक्त धाकटी.

त्या संध्याकाळीही मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. ती 'हो' म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागे काहीच वाजलं नव्हतं.

मी वळले. नाणं टेबलाच्या कडेला पडलेलं होतं, तिनं त्याला हातही लावला नव्हता.

"कधीपासून उडवत नाहीस?" मी विचारलं.

"पहिल्यांदा उडवलं होतं. काटा पडला." ती साडीच्या पदराशी चाळा करत होती. "मला वाटलं, तू लगेच वळशील. तू भात लावलास."

"पहिल्या 'हो'वरून काही कळत नाही गं."

"तुला कळत नसेल. मी तर सांगितलं होतं, ताई."

मी खुर्ची ओढून बसले. मला तिचा राग यायला हवा होता, किंवा बाबांची दया. आली ती फक्त लाज, तीही कुठून तरी लांबून. मी इतकंच म्हटलं की आज तू बाहेर जा, फिरून ये, बाबांना मी भरवते. ती कुठे गेली नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मी दुधात बिस्किटं कुस्करली आणि बाबांच्या खोलीत गेले. पहिला चमचा त्यांनी घेतला. दुसऱ्याला ओठ मिटले. मी गोड बोलून पाहिलं, गाल चोळून पाहिलं. दूध हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून नुकत्याच बदललेल्या चादरीवर. तोंड पुसून पुन्हा चमचा धरला तर त्यांनी जोर करून सगळं माझ्या अंगावर थुंकलं. दिवसभराचे जिने, दारं, लोकांची तोंडं, सगळं एकदम डोक्यात गेलं, आणि माझा हात वर उठला.

बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मान आत ओढली. घाबरून नाही, अगदी सवयीनं.

मी हात खाली घेतला. धाकटीला हाक मारली. ती आली, माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि माझ्या हातातून वाटी घेतली. बाबांच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना थोडं उठवलं, अंगठ्यानं ओठ पुसले आणि म्हणाली, आ करा. बाबांनी निमूटपणे तोंड उघडलं.

आता माझं तिथे काय काम, म्हणून मी उठले.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, चमचा भरतच होती. "कुणी बसलेलं असलं की माझा हात उठत नाही."

मी पलंगाशी जमिनीवरच बसले. आणि मग इतक्या महिन्यांचं एकदम आलं, हुंदके आवरेनात. बाबा तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत राहिले. धाकटीनं चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

"ताई कुठे जात नाहीये," ती त्यांना म्हणाली. "खा तुम्ही."