पाण्यात उतरलेला पांढरा धागा

मी एक जुना काचेचा पेला आहे, मित्रांनो, आणि माझ्या काठाचा टवका उडालेला आहे. भट्टीत वितळलेल्या वाळूतून माझा जन्म झाला. जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून चंद्रभागाबाईंनी मला पाच भावंडांसह विकत आणले. त्यांचे घर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत, शेतातच आहे. पाहुणे आले की आम्हाला लिंबाच्या सरबताचा मान मिळे. पुढे भावंडे एकेक करून फुटली, घरात स्टीलचे पेले आले, आणि फुटक्या काठामुळे मला कुणी ओठाला लावेना. फळीवर माझ्यात धूळ साचत राहिली.

यंदा थंडीत चंद्रभागाबाईंच्या मालकांनी, सटवाजींनी, बटाटा लावला होता. पीक जोमात असताना एका वाफ्यातली झाडे दुपारी माना टाकू लागली. पाने हिरवीच होती. संध्याकाळी झाडे थोडी सावरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोमेजत. पाणी कमी पडते असे समजून सटवाजी रोज पाणी सोडू लागले. कोमेजणारी झाडे वाढतच गेली.

त्यांची सून अंजली शेतीशाळेला जाऊन आली होती. ती म्हणाली, "मामा, पाणी थांबवा. हा जिवाणूचा मर रोग असंल. पाण्यासंगं पसरतो."

"पानावर कीड न्हाई, डाग न्हाई. काहून भिववून राहिली?" सटवाजी म्हणाले.

अंजलीने वाद घातला नाही. तिला आरपार दिसणारे भांडे हवे होते, आणि तसा घरात मीच उरलो होतो. तिने मला धुऊन स्वच्छ पाणी भरले. कोमेजलेल्या झाडाच्या बुडाचा बोटभर तुकडा कापून तिने तो माझ्या पाण्यात अर्धवट बुडेल असा टांगला. थोड्या वेळाने त्याच्या टोकातून दुधासारखा बारीक धागा सुटला आणि सरळ माझ्या तळाकडे उतरला. त्यामागून दुसरा आला.

सटवाजी उकिडवे बसून पाहत होते. "हेच जिवाणू?"

"व्हय. बुरशी असती तर असा धागा सुटला नसता. अन् हे फवारणीनं जात न्हाई."

सटवाजी उठून बांधाकडे पाहू लागले. त्यांच्या वाफ्यांतले जादा पाणी बांधापलीकडे खालच्या अंगाला असलेल्या शेजारी धर्मसिंगच्या बटाट्यात उतरत होते.

चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या, "त्याला सांगितलं तर गावभर होईल. आपलं बियाणं कुणी घेणार न्हाई." नात्यातली चार घरे त्यांचेच बियाणे लावत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"घेऊ बी नये," सटवाजी म्हणाले. मला हातात धरून ते बांध ओलांडून गेले. ते भरभर चालत होते. माझे पाणी हिंदकळून दुधी झाले.

धर्मसिंगने मला उन्हाकडे धरले. "कवापासून येऊन राहिलं हे पाणी?"

"आठवडा झाला. मला कळलं न्हाई."

धर्मसिंग संतापला होता, हे मला त्याच्या बोटांवरून कळले. पण त्याने मला खाली ठेवून फावडे उचलले, आणि दोघांनी मिळून पाट बुजवला.

रोगट झाडे बटाट्यांसकट, मुळांच्या मातीसकट उपटून पोत्यांत भरली. ती कालव्यात किंवा उकिरड्यात न टाकता दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. अवजारे धुतली. सटवाजींचे अर्धे पीक गेले. चंद्रभागाबाईंनी नात्यात स्वतःच निरोप धाडला की यंदा आमचे बियाणे लावू नका. त्या रानात आता काही वर्षे ज्वारी आणि गहूच येईल. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची नाही, कारण त्यांना हाच रोग लागतो.

धर्मसिंगची बांधालगतची थोडी झाडे गेली, बाकीचे रान वाचले. काढणीनंतर तो पाटीभर बटाटे घेऊन आला. चंद्रभागाबाईंनी एक आडवा कापला. आत या रोगाचे तपकिरी कडे नव्हते. "चांगले हायत," त्या म्हणाल्या, आणि त्याला जेवायला बसवले.

मित्रांनो, हिरवे झाड भर दुपारी मान टाकते, तेव्हा पाणी सोडण्याआधी त्याचे बूड कापून स्वच्छ पाण्यात टांगून पाहा. आणि त्यातून धागा सुटला, तर बांधापलीकडच्या माणसाला त्याच दिवशी सांगा.