उन्हात वाळत घातलेली स्लाइड

मित्रांनो, दोन बोटांच्या चिमटीत मावेन एवढीच मी, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फोटोच्या फिल्मचा तुकडा, एक जुनी स्लाइड. उजेडासमोर धरलीत तरच मी दिसते, आणि हल्ली मला उजेडाचीच भीती वाटते.

माझा जन्म बोटीवरचा. मिरकरवाड्याचे फारुक मालवाहू बोटीवर नोकरीला होते. रजेवर आले की पांढरी चादर टांगून ते प्रोजेक्टरवर आम्हा दोनशे जणींना दाखवत. शेजारीपाजारी जमत, वाहवा होई. पण कॅमेरा सदा त्यांच्याच हातात. ते स्वतः फक्त माझ्यात आहेत, डेकवर, वाऱ्याने केस उडालेले, हसणारे.

पुढे प्रोजेक्टर बिघडला आणि आम्ही बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो. २००४ साली फारुक गेले, तोवर आमच्यावर बुरशीचे ठिपके धरले होते.

त्यांच्या मुलाने, फैझानने, दुबईहून बहिणीला, निदाला, फोन केला. मुंबईत एक दुकान स्लाइडांची सीडी करून देतं, डबा कुरिअरने पाठव, म्हणाला. तिला ते पटेना. वाटेत डबा हरवला तर अब्बांचा चेहरा कुठून आणायचा? तिने घरच्या स्कॅनरवर मला पालथं घातलं. पडद्यावर नुसता काळा चौकोन उमटला. माझ्या पाठीमागून उजेड टाकणं त्या यंत्राला येत नव्हतं, हे मागाहून कळलं. तेव्हा मात्र वाटलं, माझ्यात काहीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी निदा कामावर गेली आणि तिच्या आईने, शरीफाने, आम्हाला गच्चीत चटईवर पसरलं, आमसुलांच्या शेजारी. एप्रिलचं ऊन. पुठ्ठा वाकू लागला, माझं निळं आकाश फिकं होत गेलं. मला ओरडता येईना. दुपारी निदा धावत आली, तिने आम्हाला ओढणीत गोळा केलं.

"अम्मी, ही काय सुकट आहे?"

"तुझ्या अब्बांनी आणलेली एक वस्तू मी आजवर कुजू दिली नाय," शरीफा म्हणाली. "हीच कशी देऊ?"

त्याच आठवड्यात निदा डबा मांडीवर घेऊन मुंबईला गेली. दुकानदार म्हणाला, ठेवून जा. ती म्हणाली, बसते. त्याने हसून स्टूल पुढे सरकवलं.

यंत्रात मागून उजेड आला आणि पडद्यावर फारुक हसले. दुकानदार माऊसने भराभर बुरशीचे ठिपके पुसू लागला. गाल साफ झाला, कपाळ साफ झालं. मग भुवईवरची रेघ गेली, आणि माझ्यातला माणूस मलाच परका दिसू लागला.

"ती परत आणा," निदा म्हणाली.

"अहो ताई, डाग आहे तो."

"डाग नाही. लहानपणी गळ लागला होता त्यांना."

त्याने रेघ परत आणली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

मित्रांनो, हे काम घरी करा नाहीतर दुकानात द्या, पण आम्हाला उन्हापासून आणि ओलीपासून जपा. आणि पुसायला घ्याल तेव्हा आमच्यातल्या माणसाला ओळखणारं कुणीतरी शेजारी बसवा. उशीर करू नका. त्या रेघेची हकिकत सांगू शकणारी आता तिघंच आहेत, आणि शरीफाला हल्ली नावं आठवेनाशी झाली आहेत.