डॉक्टर स्तामेन यांचा पाचवा निरोप

डॉक्टर स्तामेन बोझिलोव यांच्या घरात चार भिंतींवर चार घड्याळं आहेत आणि चारही निवृत्तीची. ओरेशेन गावच्या इस्पितळानं त्यांना आजवर चारदा निरोप दिला. चारदा भाषणं झाली, चारदा राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, वाहिली, चारदा गुन्का नर्स पदर नव्हता म्हणून अ‍ॅप्रनला डोळे पुसत रडली, आणि चारही वेळा पुढच्या सोमवारी सकाळी आठाच्या ठोक्याला डॉक्टर आपले क्ष-किरण विभागाच्या अंधाऱ्या खोलीत हजर. पाचव्यांदा रडायला गुन्कानं साफ नकार दिला होता. माझ्या डोळ्यांना काय नळ बसवलाय का, असं तिचं म्हणणं.

यात डॉक्टरांचा काडीचा दोष नव्हता. फोटो वाचून सही करणारा तज्ज्ञ नसेल तर विभाग बंद. विभाग बंद झाला की विमा निधीचे पैसे बंद, आणि पैसे बंद म्हणजे इस्पितळालाच टाळं. त्यामुळे जाणाऱ्यानं आपल्या खुर्चीवर कुणाला तरी बसवूनच जायचं. आणि आजकालचे नवे क्ष-किरण तज्ज्ञ म्हणजे लग्नाच्या बाजारातला एकुलता एक मुलगा. परीक्षेचा निकाल लागायच्या आत दारात चार स्थळं. राजधानी सोफियातल्या कंपन्या म्हणतात, घरी बसा, चपला घालून कॉम्प्युटरवर फोटो वाचा, नगावर पैसे घ्या. जर्मनीवाले तर भाषेच्या शिकवणीची फीसुद्धा भरतात. मग ओरेशेनला मरायला कोण येणार?

तरी चार जण ‘हो’ म्हणाले होते. पहिल्यानं महिनाअखेरीस पगाराचा कागद बघून विचारलं, ही उचल आहे का, आणि बाकीचे कधी मिळतात? दुसरा डोंगरातल्या थंडीला घाबरला. तिसरी परदेशात, लिन्झच्या एका दंतवैद्याबरोबर लग्न करून गेली. चौथ्यानं फोनवर सांगितलं, की वाटेतच आहे, संध्याकाळपर्यंत पोचतो. पण मागे विमानतळावरची बाई म्युनिकचं विमान सुटत असल्याचं ओरडून सांगत होती.

डॉक्टरांची बायको त्स्वेताना सहा वर्षांपूर्वीच बाल्चिकला लेकीकडे समुद्रावर जाऊन राहिली होती. नातवंडं सांभाळायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. समुद्र अजून जागेवर आहे, ती सांगायची, पण तोही किती वाट बघेल, काही सांगता येत नाही.

तिला न सांगितलेली एक गोष्ट होती. कुणालाच सांगितलेली नव्हती. डॉक्टरांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि उजवा त्याच्याच वाटेनं निघाला होता. अडतीस वर्षं ज्या डोळ्यांनी गावाची फुप्फुसं, बरगड्या आणि मूतखडे वाचले, त्यांच्यापुढे आता धुकं यायला लागलं होतं. ऑपरेशन करावं तर लांब वार्ना शहरात जायला हवं, आणि मागे सही करायला कुणी नाही. वर्षभर ते जरा शंका आली की रोग्याला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवत. डायरेक्टर मुताफोव अँब्युलन्सच्या डिझेलवरून कटकट करायचे. डॉक्टर गप्प ऐकून घ्यायचे. एखाद्या दिवशी आपल्या हातून कुणाचा तरी कॅन्सर निसटणार, या भीतीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

जानेवारीत पाचवी उमेदवार यायची ठरली. डॉक्टर झोर्नित्सा वेल्कोवा, वय बत्तीस, तज्ज्ञाची परीक्षा डिसेंबरात पास. तिला जर्मनीत कासेलच्या एका इस्पितळाचं पत्र आलेलं होतं, एक फेब्रुवारीपासूनचं. ओरेशेनला ती येत होती कारण तिच्या आईनं एकदा बघून तरी ये म्हणून तगादा लावला होता.

आधीचे चौघे का पळाले याचा गुन्कानं बारा महिने विचार केला होता आणि तिला उत्तर सापडलं होतं. कुणीच त्यांच्या वाटेवर पाणी ओतलं नव्हतं. आपल्याकडे पोरगं परीक्षेला निघालं, पोरगी नव्या नोकरीला निघाली, की उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. मग या नव्या डॉक्टरांच्या पहिल्या पावलाला पाणी नको? मुताफोवांनी पगार वाढवायचा असतो हे तिच्या डोक्यात आलं नाही, आणि मुताफोवांच्या तर आलंच नाही.

तेव्हा सकाळी पावणेनऊला गुन्कानं आज्जीची तांब्याची कळशी भरून आणली आणि इस्पितळाच्या पायरीवर एका दमात ओतली. शकुन उत्तम झाला. फक्त बाहेर उणे अकरा होतं. नवाच्या बसनं झोर्नित्सा उतरली, फाटकातून आली, वर बघून हसली आणि उजवा पाय पायरीवर ठेवला. पुढचं इतक्या झटपट झालं की हातात फुलं घेऊन उभे असलेले मुताफोव त्या मोकळ्या जागेला ‘स्वागत आहे’ म्हणाले. ती खाली, उजव्या हातावर पडली होती.

गुन्का पांढरीफटक पडली. पण कामाची बाई. तिनंच झोर्नित्साला आत नेलं, तिनंच मनगटाचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला. डॉक्टर स्तामेन नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे झुकले. उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्यानं, मग चष्मा काढून.

“काही नाही,” ते म्हणाले. “मुरगळलंय. पट्टी बांधू. दुपारच्या बसनं घरी जाता येईल, आणि कासेललाही.”

झोर्नित्सा हात छातीशी धरून उठली आणि पडद्याजवळ गेली. अंगठ्याच्या मुळाशी होडीसारखं एक लहानसं हाड असतं, त्याच्या मधल्या बारीक भागावर तिनं डाव्या हाताचं बोट ठेवलं. इथे केसासारखी रेघ आहे, ती म्हणाली. हाड मोडलंय.

डॉक्टरांनी पुन्हा वाकून बघितलं. त्यांना हाड दिसलं आणि धुकं दिसलं.

“मलापण दिसते,” गुन्का हळूच म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर खुर्चीत बसले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त सुटका झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी एका परक्या पोरीला, जिला ते अर्ध्या तासापूर्वी भेटले होते, मोतीबिंदूपासून डिझेलपर्यंत सगळं सांगून टाकलं.

“एक सांगा डॉक्टर,” ती शेवटी म्हणाली. “हात मोडलाय असं म्हणाला असतात तर मी इथे अडकले असते. म्हणजे तुमचाच फायदा. तरी तुम्ही मला जायला सांगितलंत.”

“मला दिसलं नाही, पोरी. जे दिसलं नाही ते कसं सांगू?”



हाताला प्लास्टर चढलं, आठ आठवड्यांचं. उजव्या हाताला प्लास्टर असलेला डॉक्टर कासेलला नको होता. त्यांनी एप्रिलची पहिली तारीख दिली. इकडे मुताफोवांना रात्रंदिवस एकच चिंता: सरकारी इस्पितळाच्या दारात सरकारी पाण्यावर घसरलेली बाई तक्रार करेल का? त्यांनी तातडीनं आठ आठवड्यांची हंगामी नेमणूक पुढे केली. दोन हजार सहाशे लेव्हा महिना, सहा तासांचा दिवस, वरच्या मजल्यावरची खोली, जळाऊ लाकडं, आणि किरणांच्या कामाचा उतारा म्हणून रोज एक बरणी दही. कासेलचा पगार याच्या साडेचारपट होता, पण कासेलवाले दही देत नाहीत, हा मुद्दा मुताफोवांनी दोनदा मांडला.

मला दही पचत नाही, असं झोर्नित्सा म्हणाली. गुन्कानं छातीवर क्रूसाची खूण केली.

आणि मग ओरेशेनच्या क्ष-किरण विभागात अशी जोडी बसली की बघायला बाहेरच्या बाकावरचे रोगी दार किलकिलं करायचे. एकीला हात नाही, दुसऱ्याला डोळे नाहीत. झोर्नित्सा फोटो बघून बोलायची आणि डॉक्टर दोन बोटांनी टाइप करायचे. तिला रेघ दिसायची. ती कुणाची, कधीची, हे डॉक्टरांना ठाऊक असायचं. चौथ्या बरगडीतली ती गाठ सत्याऐंशीची, ट्रॅक्टरवरून पडला होता. या बाईचं हृदय मोठं दिसतं, पण तिच्या आईचंही दिसायचं, आणि म्हातारी शहाण्णव वर्षं जगली. तोदोर सुताराच्या फुप्फुसावरच्या डागाला बघून झोर्नित्सा दचकली. डॉक्टरांनी कपाटातून तीस वर्षांपूर्वीची फिल्म काढून दाखवली, डाग जिथल्या तिथे. झोर्नित्सा त्या दिवशी म्हणाली की परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, की मागच्या खोलीत चादरीखाली काय आहे? गुन्का म्हणाली, दही. खोली थंड असते म्हणून बरण्या तिथे ठेवतो. झोर्नित्सानं चादर ओढली. दह्याच्या बरण्यांखाली नवं कोरं सीटी स्कॅनचं यंत्र होतं. चार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या आधी महापौरांनी त्याची फीत कापली होती आणि ते वाचायला माणूस नव्हता म्हणून त्या दिवसापासून त्यानं एकाही माणसाचा फोटो काढला नव्हता. झोर्नित्सा तिथेच बरणी हातात घेऊन उभी राहिली. मग तिनं दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस बोलावला, बरण्या गुन्काच्या खिडकीत हलवल्या, आणि फेब्रुवारी संपायच्या आत यंत्र सुरू झालं. जिल्ह्याला जाणारे रोगी ओरेशेनला येऊ लागले. विमा निधीचे पैसे आले तेव्हा मुताफोवांनी कागद उलटा धरून बघितला, काही चुकलं तर नाही ना म्हणून.

आणि त्याच कागदावरून झोर्नित्सानं त्यांना धरलं. दर स्कॅनमागे मिळकतीचा काही टक्के, पगाराव्यतिरिक्त. दुपारनंतर सोफियाच्या कंपनीचे फोटो घरून वाचायची लेखी परवानगी. मुताफोव म्हणाले, असं कधी झालेलं नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, म्हणून तर चार घड्याळं झाली. मुताफोव विचार करतो म्हणाले आणि तीन आठवडे विचार करत राहिले. मुलगी डॉक्टर आहे की घोडेबाजारातली दलाल, असं ते गुन्काला विचारायचे. गुन्का म्हणायची, ते मला माहीत नाही, पण तिला केसाएवढी रेघ दिसते.

डॉक्टर स्तामेन यांनी मात्र तिला एक शब्द विचारला नाही. चारदा आशा धरून चारदा पडलेला माणूस पाचव्यांदा पायरी बघूनच पाय टाकतो. त्स्वेतानालाही त्यांनी फोनवर काही सांगितलं नाही. तरण्या पोरीनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांसाठी साडेचारपट पगार सोडावा, असं मनात आणायचीही त्यांना लाज वाटत होती. पण रोज सकाळी वरच्या खोलीतून तिची पावलं ऐकू आली, की त्यांना आतून बरं वाटायचं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांना जरा उशीर झाला. चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. फाटकातून आत आले तर पायरीवर एक नवी कोरी निळी सुटकेस उभी होती. बाजूला झोर्नित्सा कोट घालून उभी. प्लास्टर काढलेला हात पांढराफटक आणि बारीक. गुन्का कळशी धरून होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. मागे मुताफोव उभे होते, खिशातून काही चोरीला गेलेल्या माणसासारखे.

म्हणजे निघाली, डॉक्टरांच्या मनात आलं. तरी ते पुढे झाले, टोपी काढली आणि म्हणाले की प्रवास सुखाचा होवो, कासेलला थंडी असेल, हात जपावा.

“मी कुठे निघालेय?” झोर्नित्सा म्हणाली. “मी काल सही केली. टक्के मिळाले, सोफियाचं कामही मिळालं. सगळं धरून कासेलच्या निम्म्याच्या थोडं वर जातं. आणि तिथलं घरभाडं विचारलंत तर बाकीचं निम्मं तुम्हीच वजा कराल. सुटकेस तुमची आहे. पाचवं घड्याळ घ्यायला कुणी तयार होईना.”

डॉक्टरांनी सुटकेसकडे बघितलं, मग तिच्याकडे. डोळ्यांपुढे धुकं होतं, पण या वेळी मोतीबिंदूचं नव्हतं. वार्नाचं ऑपरेशन मंगळवारी आहे, तिनं सांगितलं. त्स्वेतानाकाकूंशी बोलणं झालंय, बस दहाची आहे.

गुन्का पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून पायरीवर मीठ टाकून ठेवायला विसरली नव्हती, मार्च असला तरी. झोर्नित्सानं तिच्याकडून कळशी घेतली, उजव्या हातानं, आणि डॉक्टरांच्या पुढ्यात पायरीवरून खाली पाणी ओतलं. ते ओघळत फाटकाच्या दिशेनं गेलं. डॉक्टरांनी सुटकेस उचलली, उजवा पाय टाकला आणि सावकाश, एकेक पाऊल बघत चालायला लागले. मागे गुन्का, पाचव्यांदा रडणार नाही म्हणालेली, भोकाड पसरून रडत होती.

फाटकाशी पोचल्यावर ते थांबले. पाणी ओतल्यावर मागे वळायचं नसतं, म्हणून न वळताच त्यांनी हाक मारली.

“तोदोरच्या फुप्फुसावरचा तो डाग जुना आहे बरं का.”

“माहीत आहे, डॉक्टर,” झोर्नित्सा म्हणाली. “जा आता.”