आजींच्या अंगठ्याचा दिवा

जरा जवळ या, म्हणजे ऐकू येईल. मी नखं सुकवायचा दिवा बोलतोय. आवाज माझा बारीक आहे आणि अंगही फार नाही. मुठीएवढा पांढरा डबा, पोटात सहा छोटे दिवे आणि मागे शेपटीसारखी वायर. पहिल्यांदा पाहणारा मला उंदीरच समजतो. समजू दे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फार आठवत नाही. एका बाईने माझं बटण दाबून पाहिलं, जांभळा उजेड पडला, साठ सेकंदांनी आपोआप विझला. तिने मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. खोक्यात माझ्या सोबतीला जेलच्या, म्हणजे माझ्याच उजेडात वाळणाऱ्या लेपाच्या, तीन बाटल्या होत्या. एक नंबरची अस्तराची, दोन नंबरची लाल रंगाची आणि तीन नंबरची वरच्या चकाकीची. शिवाय नखं घासायची एक छोटी कानस, एक लाकडी काडी आणि मुंगीच्या डोक्याएवढ्या इंग्रजी अक्षरांचा घडी घातलेला कागद.

मला मागवलं ते नातीने. ती आजी-आजोबांकडे राहते, रोज कचेरीत जाते. पार्लरमध्ये दोन तास बसण्यापेक्षा घरीच नखं करू, असा तिचा विचार. विचार चांगला होता, पण कागद वाचायचा धीर नव्हता. तिने रंग असा थापला की जणू भिंत लिंपतेय. माझ्या उजेडात तो जाड थर तापला आणि तिला चटका बसला. तिने हात झटकला. नखांवर सुरकुत्या पडल्या, दुधावर साय धरते तशा. दोन दिवस ती चिकट नखं घेऊन हिंडली आणि तिसऱ्या दिवशी टीव्ही बघता बघता दातांनी रंग सोलून काढला.

"फसवलं मला," ती म्हणाली आणि मी बाटल्यांसकट ड्रॉवरमध्ये गेलो.

ड्रॉवरमध्ये माझे दिवस बरे गेले. शेजारी जुने सेल, एक तुटका चष्मा आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली. आम्ही कुणी कुणाला काही विचारत नव्हतो. मात्र बाहेरचं बोलणं ऐकू यायचं.

आजी रफू करायच्या. कापडाला भोक पडलं की त्याच कापडातला धागा काढून असा विणायचा, की भोक होतं हेच कळू नये. चाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. डावा अंगठा कापडाखाली, आणि त्याच्या नखाने एकेक धागा दाबून शेजारच्या धाग्याला टेकवायचा. सुई नुसता रस्ता काढते, काम नख करतं, असं आजी म्हणायच्या.

तेच नख चिरलेलं होतं. मागे कधीतरी दारात सापडलं, तेव्हापासून मधोमध चीर घेऊनच उगवायचं. तरुणपणी चीर बारीक होती. आता वयाबरोबर ती उघडली होती आणि नाजूक कापड दिसलं की त्यात अडकायची. चिकटपट्टी लावून पाहिली, पण मग बोटाला धागाच कळेना.

आणि नेमकी तेव्हा शाळेच्या बाईंची शाल आली. बाईंच्या आईची शाल. लोकर इतकी पातळ की हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटू नये. कसरीच्या किडीने तिला तीन भोकं पाडली होती. बाई चार दिवसांनी गाव सोडून लेकाकडे राहायला निघाल्या होत्या, जाताना शाल अंगावर हवी म्हणाल्या.

आजींनी शाल मांडीवर घेतली. पहिल्याच धाग्याला नख अडकलं आणि एक तंतू ओढला गेला.

"ह्या शालीचा धागा ओढला गेला, तर मी डबा बंद करणार," आजी म्हणाल्या. डबा म्हणजे सुया-धाग्यांचा. "लोकांच्या वस्तू बिघडवायला मी नाही बसले."

आबा म्हणजे आजोबा. आबांना बोलायला वेळ लागतो. ते उठले आणि चीर नीट बघायला, विजेरीसाठी सेल शोधायला त्यांनी ड्रॉवर उघडला. सेल बाजूलाच राहिले. त्यांच्या हाताला एक नंबरची बाटली लागली. ती त्यांनी उजेडात धरली, झाकण काढून हुंगली.

आबा लाकडाला पॉलिश करायचे. कपाटं, टेबलं, दिवाणखान्यातल्या खुर्च्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हातावर हात, म्हणजे थरावर थर द्यायचे, पातळ, घाई न करता. तडकलेल्या फळीत लाख भरून ती एकसंध करण्यात त्यांचा हातखंडा होता.

"अगं, हे पॉलिशच आहे," ते म्हणाले. "चीर भरता येईल."

"तुमचं पॉलिश माझ्या नखाला? मी काय कपाट आहे?"

"कपाट असतीस तर इतका विचार केला नसता."

आजी हसल्या नाहीत, पण अंगठा पुढे केला.

नात कामावर गेलेली होती. कागद कुणालाच वाचता आला नाही, पण आकडे आबांना येत होते. एक आणि तीन त्यांनी घेतल्या, लाल बाटली बाजूला सारली. नातीला करताना पाहिलं होतं, म्हणून मलाही बाहेर काढून माझी वायर जोडली. कानशीने नख हलकंच घासलं, आधी उभं, मग आडवं. अस्तराचा एक पातळ हात दिला. कडेला कातडीवर ओघळ आला तो काडीने टिपला. मी पाहत होतो. इतक्या सावकाश माझ्याशी कुणी वागलं नव्हतं. मग अंगठा माझ्याखाली आला आणि मी साठ सेकंद मनापासून उजळलो. त्यावर चकाकीचा हात, आणि पुन्हा मी.

आबांनी आपल्या करंगळीची मागची बाजू नखाला टेकवली. पॉलिशवाले अशीच पारख करतात. करंगळी चिकटली.

"ओलं आहे. परत घाल."

मी परत उजळलो. करंगळी परत चिकटली.

असं नऊ वेळा झालं. माझं अंग तापलं. नख केव्हाच वाळून टणक झालं होतं हो. वरचा तो चिकटा म्हणजे ओल नव्हे, ती जेलची सायच, ती नुसती पुसायची असते. पण आबांच्या बोटाला चाळीस वर्षं एकच गोष्ट ठाऊक होती, चिकट म्हणजे ओलं. आणि माझा बारीक आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हता.

"ह्या उंदरात दम नाही," आबा म्हणाले. ते मला फार लागलं.

आजींनी तसाच अंगठा शालीखाली नेऊन पाहिला. लोकरीचा एक रेशा नखाला चिकटून वर आला. त्यांनी हात काढून घेतला, शालीची नीट चौघडी घातली आणि ती मांडीवर ठेवली.

"राहू द्या. उद्या बाईंना परत देते. सांगेन, आता होत नाही."

आबा आत गेले आणि स्पिरिटची बाटली घेऊन आले.

"निदान हे तरी काढून टाकू. असं चिकट घेऊन जेवायला कशी बसशील?"

लाख स्पिरिटने विरघळते, तसं हेही विरघळेल असा त्यांचा हिशोब. त्यांनी चिंधी भिजवली आणि नख पुसलं. चिंधीवर चिकटा आला. पुन्हा पुसलं, तेव्हा काहीच आलं नाही. त्यांनी करंगळी टेकवली. सुळकन घसरली.

आबा नखाकडे बघत राहिले. मग त्यांनी आजींचा रेशमी रुमाल घेतला आणि अंगठ्यावरून ओढला. एकदा, मग उलट बाजूने. रुमाल कुठे थांबला नाही.

"काच झाली की गं," ते हळूच म्हणाले.

आजींनी रुमाल त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः ओढून पाहिला. मग तोच रुमाल डोळ्यांना लावला, आणि मग शालीची घडी मोडली.

संध्याकाळी नात आली, तेव्हा पहिलं भोक निम्मं भरलं होतं. सगळी हकिगत ऐकून तिने पहिल्यांदाच तो कागद उलगडून वाचला.

"आबा, ते पुसायचंच असतं. इथे लिहिलंय."

"मग सांगायचं नाहीस?"

"मलाच कुठे माहीत होतं? मी दोन दिवस सगळ्या कचेरीला चिकटत होते."

तिघंही हसली. मला बोल लावल्याबद्दल माफी कुणी मागितली नाही, पण त्या दिवसापासून मी ड्रॉवरमध्ये गेलो नाही.

शाल तिसऱ्या दिवशी झाली. बाईंनी चष्मा लावला, खिडकीपाशी जाऊन शाल उजेडात धरली आणि भोकं शोधली. सापडली नाहीत. त्यांनी शाल खांद्यावर घेतली. मग आजींचा हात हातात घेतला आणि गेल्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. नख वाढतं, चीरही त्याच्यासोबत वाढते. म्हणून दर तीन आठवड्यांनी आम्ही बसतो. आबांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून आजी दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरतात. मग मी लागतो. अंगठा माझ्याखाली असला की आजींना उठता येत नाही, आणि कुंचला हातात असला की आबांनाही नाही. मग ती दोघं बोलतात. भाजीचं, गुडघ्यांचं, नातीचं. कधी नुसतीच बसतात. एकाच घरात राहून माणसांना एकमेकांसमोर बसायला सवड होत नाही, हे मी इथे पाहिलं.

माझ्या सहातला एक दिवा गेला आहे, दुसरा लुकलुकतोय. आबा अंगठा जरा सरकवून उरलेल्यांखाली आणतात. पण किती दिवस? काल नात म्हणाली, "आबा, नवा आणते. तो तीस सेकंदांतच काम करतो."

आण बाळ, आजींचं काम थांबता कामा नये. मला निरोप द्यायलाही माझी ना नाही. फक्त माझं एवढं ऐक. दुकानात विचारून साठ सेकंदांचाच घे. तीस सेकंद वाचवून ही दोघं काय करणार आहेत?